तिसरा उतारा

सरांच्या पत्रात उण्यापुऱ्या चार ओळी होत्या आणि तिसऱ्या ओळीत त्यांनी माझ्या भावाच्या मृत्यूचं वर्ष मागितलं होतं. तो माझा भाऊ आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. 'तीन उताऱ्यांपैकी तिसरा, शोकाचा, उत्तम उतरला आहे. प्रबंधाचे वजन त्याच्यावरच आहे. मात्र तळटीप हवी : मृताचे नाव, निवेदिकेशी नाते, मृत्यूचे वर्ष व प्रसंग. टीप नसल्यास उतारा गाळावा लागेल.' सर पत्रातसुद्धा हातावरचा खडू झाडत बोलतात. परभणी स्टेशनासमोरच्या माझ्या खोलीत खाटेच्या काठावर बसून मी ते वाचलं, परत वाचलं, मग घडी करून चिमणीखाली ठेवलं आणि परत काढलं. वैशाख चालू होता. पत्र्याचं छत कडकड वाजत होतं. उतारा गाळला तर प्रबंध लंगडा, प्रबंध लंगडा तर एम.ए. गेलं, आणि एम.ए. गेलं तर दोन वर्षं पुण्यात काय केलं हे पेडगावच्या पारावर कुणाला समजावून सांगता येण्यासारखं नव्हतं. तसं ते एम.ए. झालं तरी सांगता येणार नव्हतंच. "बोलन्यावर शिकायलाय," असं माझी माय लोकांना सांगायची. लोक म्हणायचे, "म्हंजे? त्याला बोलता येत न्हाई का?"

लोकांचं काही चुकत नव्हतं. मला बोलता येत नव्हतंच. सातवीपर्यंत मी उर्दूत शिकलो. घरी जे बोलायचं ते शाळेच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायचं, असा रिवाज होता. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं आणि तेच मास्तर, तीच छडी घेऊन मराठीत शिकवू लागले, पण ती मराठीही आमच्या घरची नव्हतीच. औरंगाबादेत बी.ए. केलं, पुण्याला गेलो, आणि तिथं पहिल्याच आठवड्यात मी कुणाला तरी "का?" म्हणायच्या जागी "कामून?" असं विचारलं तेव्हा सगळी खोली हसली. मीही हसलो. आपल्यावर हसणाऱ्यांत आपण सगळ्यांत आधी सामील व्हावं, हे शहाणपण मला लहानपणापासून आहे. फक्त सर हसले नाहीत. ते खुर्ची ओढून जवळ आले, म्हणाले, "पुन्हा म्हणा," आणि डोकं खाली घालून लिहायला लागले. जन्मात पहिल्यांदा माझं बोलणं कुणीतरी लिहून घेत होतं. त्या दिवशी मी सरांना आणि त्या विषयाला विकला गेलो. त्यानंतर हळूहळू असं झालं की माणूस काय म्हणतो ते मला ऐकू येईनासं झालं. कसं म्हणतो तेवढंच ऐकू यायचं. जीभ टाळूला कुठं लागली, शब्दाच्या शेवटचा स्वर गिळला की ठेवला. स्टेशनवर दोन हमाल भांडत असले तर मी थांबून खिशातलं कार्ड काढायचो. एकदा त्यातल्या एकाचं डोकं फुटलं तेव्हा माझ्या कार्डावर शिव्यांचे अकरा प्रकार होते. मी त्याला उचलायला गेलो नाही, हे मला खोलीवर परतल्यावर ध्यानात आलं.

प्रबंध पेडगावच्या बोलीवर करायचा ठरला. ज्याच्या तोंडून भाषा उतरून घ्यायची त्या माणसाला आमच्याकडे निवेदक म्हणतात, आणि निवेदक कसा असावा याचे नियम लग्नाच्या मुलीला लावतात त्यापेक्षा कडक आहेत. गावातच जन्मलेला हवा, गाव न सोडलेला हवा, निरक्षर हवा, दात शाबूत हवेत. पुरुष बहुतेक परभणीच्या गिरण्यांना जाऊन आलेले, नाहीतर शाळेत बसलेले. म्हणून बाई शोधायला गेलो तर गावात जन्मलेली बाई गावात सापडेना. सगळ्या लग्न होऊन बाहेरून आलेल्या. माझी माय पार्वतीबाई, तीही गंगाखेडकडची. सापडली ती एकच, माझी आत्या कडूबाई. आधीची तीन लेकरं गेली म्हणून आजीनं हिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे यमाला नको व्हावी. यमानं तिला सोडलं आणि तिच्या नवऱ्याला नेलं. चारठाण्याला चार वर्षं नांदून ती भावाच्या घरी परत आली ती कायमची. सरांनी त्या चार वर्षांबद्दल नाक मुरडलं होतं, पण बत्तीसच्या बत्तीस दात ऐकून ते निवळले. आत्यानं मला जोंधळ्याच्या कामाचा पहिला उतारा दिला, कोल्ह्याच्या गोष्टीचा दुसरा दिला. तिसरा भावनेच्या भरातला हवा, असं सरांचं म्हणणं. माणूस विचार करून बोलतो तेव्हा भाषा आवरून धरतो, दुःखात ती सुटते, असं ते म्हणत. आणि माझी आत्या पंचक्रोशीत कशासाठी ओळखली जात असेल तर रडण्यासाठी. कुठंही माणूस गेलं की तिला बोलावणं यायचं. हेल काढून, नाव घेऊन, मेलेल्याचं सगळं आयुष्य ती तासाभरात मांडायची. बाया म्हणायच्या, कडूबाईनं रडल्याबिगर मानूस मेल्यावानी वाटत न्हाई.

आमच्या घरात एक माणूस मेल्यासारखा वाटत नव्हता. मुंजाजी, माझा थोरला भाऊ. अठ्ठेचाळीसच्या आषाढात, रझाकार गावोगाव फिरत होते तेव्हा, तो एकोणीस वर्षांचा होऊन घरातून निघाला. निजामाशी लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात चाललो, एवढंच बोलला. मी तेव्हा बारा वर्षांचा. त्यानं माझ्या डोक्यावर टप्पू मारला, तो किती जोरात मारला हे मला अजून आठवतं, चेहरा नीट आठवत नाही. राज्य गेलं, कॅम्प उठले, लोक हारतुरे घालून परतले. मुंजाजी आला नाही. कुणी म्हणे ओढ्याच्या काठी गोळी लागली, कुणी म्हणे नागपुराकडं दिसला. माय म्हणाली, दिसला. एक्कावन्न साली शिरगणतीचा माणूस आला तर मायनं त्याला ओट्यावर बसवून मुंजाजीचं नाव लिहायला लावलं. पुढं मतदारांच्या यादीतही ते चढलं. दोन निवडणुका झाल्या, दोन्ही वेळा माय मत द्यायला गेली आणि आधी कारकुनाला विचारून घेतलं, "मुंजाजी रामकिशन हाय न्हवं? असू द्या. येईल." बापू वारले, माझ्या वडलांना आम्ही बापू म्हणत असू, तेव्हा अग्नी मी दिला, पण माय चारचौघांत म्हणाली की थोरल्याच्या वतीनं दिलाय. या सगळ्याचा मला मनातून राग होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही. पुण्याहून मी यायचो, आणि माय माझ्याकडं पाहून रस्त्याकडं पाहायची.

दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याला तिसऱ्या उताऱ्याचं विचारलं. कापूस फुटला होता, माय वेचणीला गेली होती, गल्ली दुपारची रिकामी. मी दाराच्या आत पोतं अंथरलं, कार्डं मांडली, पेन्सिली तासून ठेवल्या.

"रडू?" आत्या म्हणाली. "कुनाचं?"

"कुणाचंही. नुसतं रडायचं कसं ते दाखव."

"नुसतं रडता येत न्हाई, बन्सी. नाव लागतं."

"मग बापूंचं रड."

"त्याचं रडून झालं. ज्याचं रडून झालं त्याला पुन्यांदा उठवायचं न्हाई. सुटलेला जीव परत गुंतायचा."

"मग मामांचं?" मामा म्हणजे तिचा नवरा.

"त्याचं तर कवाच झालं. येड्यावानी नको बोलू." ती दात कोरत बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऱ्हायलेलं एकच हाय."

मला कळलं होतं. तिनं सुचवायच्या आधीच कळलं होतं, हेच तर मला सहा महिने खात आलंय. मी पुण्याहून निघतानाच ते माझ्या मनात ठेवून निघालो होतो.

"मुंजाजीचं रड," मी म्हणालो.

"तुजी माय न्हाई म्हनती. जिता हाय म्हनती."

"माय शेतात हाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ती आता उठून मला एक ठेवून देणार. पण ती उठली नाही. दहा वर्षं तिनंही ते आत धरलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं पदर तोंडावर ओढला आणि सुरुवात केली. 'माज्या मुंजा रेऽ, तुज्या वाटंवर हराळी वाढली रेऽ. तुज्या हातची कुऱ्हाड तशीच खुंटीला रेऽ, तिचा दांडा बी वाळला. तुला कुनी पानी पाजलं रेऽ, कुनी तोंड झाकलं. परक्या मातीत पोरा, तुजं डोस्कं कुन्या दिशेला रेऽ.' मी लिहीत होतो. हात भरून आला होता, पण थांबत नव्हता. प्रत्येक ओळीच्या शेवटचा स्वर किती मात्रा लांबतो, आवाज कुठं चढतो, कुठं मोडतो, मी खुणा करत होतो. परक्या मातीत डोकं कुठल्या दिशेला, या ओळीवर मी हुंदक्यासाठी एक नवी खूण बनवली, आणि ती जमली म्हणून मला आनंद झाला. खरोखरचा आनंद झाला. माझ्या सख्ख्या भावाचं रडणं चाललं होतं आणि मी पेन्सिल बदलत होतो.

रडणं भिंतीत राहत नाही, एवढी साधी गोष्ट भाषेत एम.ए. करणाऱ्या माणसाला कळू नये. शेजारची केशरबाई कणकेच्या हातानंच आली. तिनं काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत, आधी रडायचं, मग विचारायचं. ती आत्याच्या गळ्याला मिठी मारून बसली आणि मुंजाजीचं नाव कानावर येताच तिनंही हेल लावला. माझ्या कार्डांवर एकोणिसाव्या ओळीपासून दुसरा आवाज आहे तो तिचा. मग आणखी दोघी आल्या, मग विहिरीवरच्या. मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं तर कुणीतरी माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "रड बाबा, मोकळा हो." ओट्यावर पुरुष जमले. म्हातारा व्यंकटी, बापूंचा जोडीदार, त्यानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं आणि आत डोकावून मला हलकेच विचारलं, "खबर कवा आली रं?"

मी कार्डं मांडीखाली सारली. काय सांगणार होतो? की काका, ही आमच्या कालिजची चाचणी आहे? की मुंजाजीला मी तासाभरासाठी मारलाय, तुम्ही घरी जा? आत्या पदराआड होती. ती खोटं रडली असं एकदा म्हटलं की तिला पुन्हा कुठल्या दारात उभं करणार नाहीत. आणि हेही सगळं नंतरचं. तेव्हा मला फक्त लाज वाटत होती.  तेवढ्यात ओट्यावरची माणसं बाजूला झाली. कुणीतरी धावत जाऊन मायला शेतातून आणलं होतं. तिच्या ओटीत कापूस तसाच होता. ती उंबऱ्यात उभी राहिली. सगळ्यांवरून नजर फिरवून ती माझ्यावर आणून ठेवली. 

"बन्सी, खबर आली का?"

"होय," मी म्हणालो. "पुण्यात एक गृहस्थ भेटले. कॅम्पात बरोबर होते. त्यांनीच सांगितलं. अठ्ठेचाळीसच्या श्रावणात झालं."

माय खाली बसली. कापूस तिच्याभोवती सांडला. तिचा आवाज लगेच फुटला नाही, नुसता घशात घरघरला, आणि नंतर जो फुटला तो मी लिहिला नाही. एवढी एक गोष्ट मी केली नाही.

दहावं झालं, तेरावं झालं. गाव जेवलं. मी डोक्याचे केस काढून पुण्याला परत गेलो, सरांनी डोक्याकडं पाहून विचारलं नाही, कार्डांकडं पाहिलं आणि खुर्ची ओढून जवळ आले. आत्या माझ्याशी एकच वाक्य बोलली होती, निघताना. "म्या रडले ते खरं रडले. खोटं तुजं व्हतं." तेव्हापासून मी गावाला जाणं टाळतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतसुद्धा पेडगाव गाडीनं अर्ध्या तासावर असताना परभणीत खोली घेऊन राहिलो, लिहायला निवांत हवं म्हणून. निवांत कसलं! छत वाजतं, आणि तिसऱ्या उताऱ्याची कार्डं साफ करताना प्रत्येक ओळ मला तोंडानं म्हणून बघावी लागते. दार लावून, हळू आवाजात, मात्रा मोजत मी माझ्या भावाचं रडतो. पन्नासदा तरी रडलो असेन. एकदाही रडू आलं नाही.

तर टीप. मी दौत ओढली आणि एका दमात लिहून काढली, कारण दम घेतला असता तर लिहिली नसती. 'मुंजाजी रामकिशन, वय १९, निवेदिकेच्या भावाचा मुलगा. मृत्यू श्रावण १९४८, सरहद्दीनजीक.' खाली सही केली. पाकीट चिकटवलं, सरांचा पत्ता घातला, आणि टोपी घालून निघणार तर दारात माय. डोक्यावर गाठोडं, पायात चपला नाहीत. बाराच्या पॅसिंजरनं उतरली होती.

ती खाली बसली, गाठोडं सोडलं. भाकरी, ठेचा, गुळाची ढेप. मी माठातलं पाणी दिलं. ती प्यायली आणि खोली बघत राहिली. कार्डांचे डबे बघितले. मी पाकीट खाटेवर ठेवलं, न लपवता, कारण तिला वाचता येत नाही.

"त्या मानसाला भेटावं म्हनून निगाले व्हते," ती म्हणाली. "ज्यानं तुला सांगितलं. शेवटी त्यानं बघितला न्हवं त्याला. दोन गोष्टी इचारायच्या व्हत्या."

 मी खाटेवर बसलो.

"मग गाडीत बसल्यावर वाटलं, कामून पोराला कोंडीत धरावं. तसा मानूस न्हाई. हाय का?"

मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

"मला त्या दिशीच कळलं. तू खोटं बोलतूस तवा पुस्तकातलं बोलतूस. गृहस्थ भेटले म्हनं." ती हसली. खरंच हसली, माझी थट्टा करताना लहानपणी हसायची तशी. "ल्हानपनी बी तसंच. गूळ चोरला की उर्दू बोलायचास."

"मग बोलली कामून न्हाईस?" मी म्हणालो. "तेरावं घातलंस. सगळ्या गावाला जेवाय घातलंस."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि मोडून तसाच ठेवला. "धा वरीस मला रडायचं व्हतं, बन्सी. म्याच म्हनत व्हते येईल येईल, मग मलाच कसं रडता येईल? तू खबर आली म्हनलास, बरं झालं. लय हलकं वाटलं मला. तुज्यावर राग न्हाई." तिनं ते इतकं सहज सांगितलं की मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं असतं तर कदाचित सगळं तिथंच सांगूनही टाकलं असतं. "पन एक काम कर. रडनं येगळं. कडूबाई म्हनली, तू तिचं रडनं लिवून घेतलंस; त्या कागदावर त्याला मेला म्हनून घालू नको. सरकारी यादीत नाव हाय त्याचं. कागदावर हाय तवर हाय. न्हाई घातलंस न्हवं?"

पाकीट माझ्या मांडीला लागून होतं. सर तिकडं वाट बघत होते. ज्या खोलीत मला हसले होते ती खोली, तिच्यातला तो काळा फळा, मला समोर दिसला. आणि मी माझ्या आईच्या बोलीत, शेवटचा स्वर जिथं गिळायचा तिथं गिळून, अगदी पेडगावच्या माणसानं म्हणावं तसं म्हणालो, "न्हाई घातलं, माय. कामून घालीन?"

ह्या वेळी तिनं विश्वास ठेवला.

दोनच्या गाडीनं तिला परत जायचं होतं. वेचणी नसली तरी म्हशी होत्याच. गाठोड्याचं फडकं आणि तिनं बाजारातून घेतलेलं मीठ मी एका हातात धरलं, दुसऱ्या हातात पाकीट. स्टेशनच्या भिंतीला लाल पेटी आहे. तिथं आल्यावर माझ्या हातांत ओझं होतं म्हणून, एवढ्यासाठीच, ती म्हणाली, "आण इकडं. ह्याच्यातच टाकायचं न्हवं? म्या कवाच टाकलं न्हाई." तिनं पाकीट घेतलं, पदरानं पुसलं. मला एक शब्द बोलता आला असता. गाडी यायला वेळ होता, उन्हात कुणी नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं.

"कालिजचं हाय?" तिनं विचारलं.

"कालिजचं," मी म्हणालो.

टाचा उंचावून तिनं ते पेटीत सोडलं, आणि आत गेलं की नाही बघायला पेटीच्या तोंडाशी कान नेला.

"पडलं," ती म्हणाली.